नसबंदी झाली, कान कापले, तरी मार्केटात पुन्हा पिल्लं: नेमकं कुठे चुकतंय?

तक्रार सगळीकडून जवळजवळ सारख्याच शब्दांत येते, मग ते मच्छी मार्केट असो, हॉस्पिटलचं आवार असो की एसटी स्टँड. "पंधरा-वीस मांजरांची नसबंदी करून घेतली. सहा महिने बरे गेले. आता पुन्हा ओट्याखाली चार पिल्लं." पुढचं वाक्य असतं, "नसबंदीचा काही उपयोग नाही." आणि त्याच्या पुढचं वाक्य बाजूला उभा असलेला कुणीतरी बोलतो, "पोत्यात घाला आणि खाडीपलीकडे सोडून या."

मुंबईच्या उपनगरातल्या एका मच्छी मार्केटात मी सात वर्षं मांजरांचं काम करते आहे. आमच्याकडे पिल्लं तीनदा परत आली आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. पहिल्या वेळी आम्ही कारण न शोधताच पुन्हा पिंजरे लावायला धावलो. ज्यांची नसबंदी आधीच झाली होती त्याच मांजरी पुन्हा अडकल्या, हकनाक घाबरल्या, आणि जी सापडायला हवी होती ती माळ्यावरून बघत बसली. म्हणून सांगते, पिल्लं दिसली की पिंजऱ्याला हात लावू नका. आधी पिल्लांचं वय काढा.

वयावरून आई सापडते

मांजरीचा गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. पिल्लू जन्मतं तेव्हा १०० ग्रॅमच्या आसपास असतं आणि पहिले दोन महिने आठवड्याला साधारण तेवढंच वाढतं. डोळे एक ते दोन आठवड्यांत उघडतात. तिसऱ्या आठवड्यात कान ताठ उभे राहतात आणि लटपटत चालणं सुरू होतं. समोरचे बारीक दात तीन-चार आठवड्यांत दिसतात. डोळ्यांचा निळसर रंग सहा-सात आठवड्यांपर्यंत टिकतो, मग बदलायला लागतो. वजनासाठी आम्ही भाजीवाल्या दादांचा काटा वापरतो, टोपलीसकट, मग टोपली वजा.

समजा १० डिसेंबरला चार आठवड्यांची पिल्लं दिसली. म्हणजे जन्म १२ नोव्हेंबरच्या सुमारास आणि गर्भ राहिला तो ९ सप्टेंबरच्या आसपास. आता वही काढा. त्या दिवसांत कोणती मादी नसबंदीविना होती? कोणती नवी आली होती? वही नसेल तर हे सगळं अंदाजावर चालतं, आणि बहुतेक ठिकाणी वही नसतेच. प्रत्येक मांजराचे दोन्ही बाजूंनी फोटो, शेपटीचं टोक (आपल्याकडे मोडल्यासारखी वाकडी शेपटी पुष्कळ मांजरांना असते, ओळखायला फार उपयोगी), कान, नर की मादी, पहिल्यांदा कधी दिसलं, नसबंदीची तारीख. एवढं पुरतं. लांबून नर-मादी कळत नसेल तर रंगाची मदत होते. काळा, नारिंगी, पांढरा असे तिन्ही रंग अंगावर असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं. नारिंगी मांजरांत मात्र नर जास्त, पाचात चार. मोठ्या बोक्याचे गाल रुंद असतात, ते दुरूनही दिसतात.

वयानंतर वागणं बघा, कारण या दुसऱ्या खुणेवरून निम्मा प्रश्न सुटतो. मार्केटातच जन्मलेलं पिल्लू माणूस दिसला की ओट्याखाली पळतं, कोपऱ्यात फिस्कारतं. शेपटी उभी करून तुमच्याकडे येणारं, पायात घुटमळणारं, सहा-सात आठवड्यांचं पिल्लू इथलं नाही. ते कुणाच्या तरी घरात वाढलं आणि रात्री खोक्यातून इथे आलं. दोन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात मांजर शोधायचं, दुसऱ्या प्रकारात माणूस.

कुणीतरी सुटलेली आहे

हे सगळ्यात नेहमीचं कारण. वीसपैकी सतरा मांजरी झाल्या की काम संपल्यासारखं वाटतं, कारण उरलेल्या तीन दिसत नाहीत. पण मादी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि व्यायल्यावर पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. मार्चमध्ये जन्मलेली पिल्ली गणपतीच्या आगेमागे स्वतः आई झालेली असते. साधारण तीन चतुर्थांश मांजरांची नसबंदी झाली तरच संख्या स्थिरावते, आणि हा हिशेब वसाहतीतल्या, म्हणजे त्या जागी एकत्र राहणाऱ्या, सगळ्या मांजरांचा आहे, तुम्हाला दिवसा दिसणाऱ्यांचा नाही.

आमची पहिली चूक कानाची होती. नसबंदी झाली की खूण म्हणून मांजराच्या कानाचं टोक कापतात. एक करडी मादी होती, तिचा डावा कान टोकाला तुटलेला. आम्ही सगळ्यांनीच तिला झालेली धरून चाललो. वर्षभर. ती दोनदा व्याली, तरी पिल्लं दुसऱ्या कुणाची म्हणून आम्ही पुढे जात राहिलो. शेवटी जवळून फोटो काढला तेव्हा दिसलं की कानाची कड फाटकी, करवतीसारखी होती. भांडणात तुटलेला कान तो. शस्त्रक्रियेत भूल असताना कापलेल्या टोकाची कड सरळ रेषेत असते. खात्री नसेल तर वहीत "झाली" लिहू नका, प्रश्नचिन्ह ठेवा.

दुसरी चूक जास्त शिकवून गेली. खायला घालायला आम्ही सकाळी सातला जात होतो, तेव्हा येणाऱ्या मांजरांनाच आम्ही आमची मांजरं समजत होतो. तिसऱ्या ओट्यावर सुकट-बोंबील विकणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांनी एकदा सहज विचारलं, "त्या काळीला का नाय नेलीस गं?" मी म्हटलं, मावशी, कुठली काळी? त्या म्हणाल्या, "अगं, ती रात्रीची येते. तुम्ही गेल्यावर. बर्फाच्या खोलीच्या मागं राहते." रात्री साडेअकराला जाऊन बसले. काळी तर आलीच, तिच्या मागून आणखी दोन आल्या. तेव्हापासून कुठेही नवं काम सुरू करताना मी आधी रखवालदार, झाडूवाले आणि दुकानं उशिरा बंद करणाऱ्यांना विचारते. मोजणी वेगवेगळ्या वेळी, निदान एकदा रात्री आणि एकदा पहाटे गाडी लागते तेव्हा करा.

बोक्यांच्या मागे लागून मात्र दमू नका. बोक्यांचीही नसबंदी हवीच, भांडणं कमी होतात, लघवीचा उग्र वास जातो, जखमा कमी होतात. पण दहा बोक्यांतला एक राहिला तरी सगळ्या माद्यांना तो पुरतो, आणि नसबंदी झालेला बोकाही सुरुवातीचे काही आठवडे गर्भ ठेवू शकतो. दिवस आणि पैसे मोजके असतील तर आधी माद्या.

पिंजऱ्यात न येणारी मांजरी

काळीला पकडायला आम्हाला सात आठवडे लागले. त्यातले पाच वाया गेले, कारण आम्ही रोज पिंजरा लावून रोज उचलत होतो. शेजारची एक मांजर अडकून धडपडताना तिने पाहिली होती, मग ती पिंजऱ्याच्या दहा फुटांत येईना.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. पिंजऱ्याचं दार तारेने पक्कं उघडं बांधून ठेवायचं, खटका निकामी करायचा आणि रोज त्याच वेळी, त्याच जागी खाणं द्यायचं. पहिले दोन दिवस दाराबाहेर, मग उंबऱ्यावर, मग रोज वीतभर आत. तळाच्या जाळीवर वर्तमानपत्र किंवा गोणपाट घाला, पायाला तार टोचली की मांजर मागे फिरते. इतर ठिकाणचं खाणं त्या काळात बंद हवं, आणि हे सगळ्यात अवघड. एखाद्या आजी प्रेमाने कोपऱ्यात दूध-पोळी ठेवतात आणि तुमची आठ दिवसांची मेहनत जाते. त्यांना आधी भेटा, तारीख सांगा, त्यांनाच पिंजऱ्यात खाणं ठेवायला सांगा. त्यांच्या हातचं खायची मांजराला सवय असते, म्हणून त्या आल्या तर काम निम्मं होतं. (दुधाबद्दल एकच. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. पाणी ठेवा.)

मच्छी मार्केटात आमिष म्हणून ताजी मासळी लावू नका. दिवसभर मांदेली आणि बांगड्याची डोकी खाणारी मांजर त्यासाठी जीव धोक्यात घालणार नाही. भाजलेला बोंबील, त्याचा वास लांब जातो, किंवा उकडलेलं चिकन. आणि आमच्या अनुभवात पकडायला सगळ्यात चांगला काळ १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीचा. यांत्रिक होड्या बंद, ओटे निम्मे रिकामे, मांजरं भुकेली. पुढे श्रावणातही गिऱ्हाईक कमीच. अडचण पावसाची. शस्त्रक्रियेनंतर ठेवायला कोरडी, वाऱ्यापासून आडोशाची जागा आधी पक्की नसेल तर जूनमध्ये एकही मांजर उचलू नका.

अगदीच न येणाऱ्या मांजरीसाठी पडता पिंजरा: मोठी जाळीची चौकट एका बाजूला काठीवर टेकवायची, काठीला दोरी बांधून लांब बसायचं, मांजर मधोमध खाऊ लागली की दोरी ओढायची. काळी अशीच सापडली.

मांजर अडकली की लगेच पिंजऱ्यावर चादर टाका, अंधारात ती शांत होते. लावलेला पिंजरा सोडून घरी जाऊ नका, चहाला सुद्धा. खटका बसला तरी दार उघडून "नीट बसवायचा" प्रयत्न करू नका. चावलं किंवा ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी जा, मांजर कितीही ओळखीची असली तरी.

मांजर लेकुरवाळी असेल तर आधी बघा, स्तनांभोवतीचे केस विरळ आणि ओले दिसतात. अशा मांजरीला शक्यतो पिल्लं चार-पाच आठवड्यांची होऊन खायला लागल्यावरच उचला. अडकलीच तर डॉक्टरांना सांगा, ते कुशीतून छेद देऊ शकतात. पोटावर टाका नसल्याने पिल्लांना पिता येतं आणि जखम लांबून दिसते. तिला जास्त दिवस अडकवून ठेवता येत नाही, पिल्लं उपाशी मरतात. शस्त्रक्रियेच्या वेळीच रेबीज आणि मांजरांच्या नेहमीच्या रोगांची लस मागून घ्या, ही मांजर पुन्हा कधी हाताला लागेल याचा भरवसा नसतो.

माणसं आणून सोडतात

आमच्याकडे दुसऱ्यांदा पिल्लं आली ती अशी. सात आठवड्यांची पाच पिल्लं, एकदम माणसाळलेली, आईचा पत्ता नाही. पुठ्ठ्याचं खोकं कांद्याच्या गाळ्याबाहेर तसंच पडलेलं होतं.

रोमचं उदाहरण मी नेहमी सांगते. इटलीत १९९१ च्या २८१ क्रमांकाच्या कायद्याने मोकळ्या मांजरांना आहे त्या जागी राहू द्यायचं आणि त्यांची नसबंदी करून तिथेच परत सोडायचं असं ठरलं. तोर्रे अर्जेंतिनाच्या अवशेषांत, जिथे ज्युलियस सीझरचा खून झाला, आजही मांजरांची वसाहत सांभाळली जाते. १९९१ ते २००० या काळात रोममध्ये जवळजवळ ८,००० मांजरांची नसबंदी झाली. १०३ वसाहतींची पाहणी केली तेव्हा एकूण संख्या घटलेली होती, पण बाहेरून आलेल्या आणि सोडून दिलेल्या मांजरांचं प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास होतं. पाहणी करणाऱ्यांनी स्पष्ट म्हटलं की लोकांनी मांजरं सोडणं थांबवलं नाही तर नसबंदीवरचा पैसा आणि वेळ वाया जाईल. एवढी साधनं असलेल्या शहराचं हे, तर आपल्या मार्केटाचं काय!

कायदा आहे. प्राण्याला उपासमार होईल अशा रीतीने सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. तसा फलक आम्ही लावला. फलकाखालीच पुढचं खोकं आलं.

उपयोग झाला तो वेगळ्या गोष्टीचा. पिल्लं येतात ती फार लांबून येत नाहीत, आजूबाजूच्या चार गल्ल्यांतल्या घरच्या मांजरीची असतात. त्या मांजरीला लोक जीव लावतात, फक्त दर सहा महिन्यांनी होणारी पिल्लं झेपत नाहीत आणि "मार्केटात खायला तरी मिळेल" असं वाटतं. आम्ही चाळीत आणि दोन सोसायट्यांत घरोघर जाऊन विचारलं, कुणाची मांजरी आहे का, आम्ही डॉक्टरांकडे नेऊन आणतो, अर्धा खर्च आमचा. बोलताना आवाजात दोष येऊ दिला नाही. नऊ मांजरी निघाल्या. त्यानंतर खोकी पूर्ण थांबली नाहीत, पण महिन्याला एक यायचं ते वर्षात दोनवर आलं.

आलेली माणसाळलेली पिल्लं मार्केटात राहू देऊ नका, लगेच घरं शोधा. मार्केटात जन्मलेली सुद्धा आठ आठवड्यांच्या आत उचलली तर सहज माणसाळतात, तीन महिन्यांनंतर फार कठीण. फ्लोरिडात ओरलँडोच्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या आवारात ११ वर्षांत १५५ मांजरांची नोंद झाली आणि २००२ मध्ये २३ उरली. पण त्या १५५ पैकी ४७ टक्क्यांना घरं मिळाली होती, तो आकडा विसरून चालणार नाही.

कुणीतरी जुन्या मांजरी उचलून नेल्या

तिसऱ्यांदा हे झालं. एका रात्रीत सात मांजरं गायब, सगळी कान कापलेली. कुठे नेली ते कळलं नाही. दोन महिन्यांत त्यांच्या जागी पाच नवी आली, सगळी नसबंदीविना. खाणं आणि आडोसा तसाच असेल तर जागा रिकामी राहत नाही. आणि खाडीपलीकडे सोडलेली मांजर तिथल्या मांजरांकडून मार खाते, उपाशी राहते किंवा परत यायला निघून रस्त्यावर मरते. त्यामुळे "उचलून न्या" म्हणणाऱ्यांना मी दयेचं नंतर सांगते, आधी ती पाच नवी मांजरं दाखवते. विष घालणं किंवा जायबंदी करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येतं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. हे एकदा शांतपणे सगळ्यांसमोर सांगून ठेवावं.

पण माणसं चिडतात त्याला कारण असतं, आणि ते सोडवलं नाही तर तुमची वसाहत टिकत नाही. घाणीसाठी एका कोपऱ्यात वाळूचा वाफा करा आणि रोज साफ करा. रोज, कारण मांजराच्या विष्ठेतून पडणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण व्हायला विष्ठा बाहेर पडून निदान एक दिवस जावा लागतो. गरोदर बाईने ते काम करू नये. स्कूटरच्या सीटवर ओरखडे येत असतील तर खांबाला काथ्याची दोरी गुंडाळा आणि सीटला जाड कापड द्या. खाणं ठरलेल्या वेळी, अर्ध्या तासात उरलेलं उचलायचं. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतल्या २० व्या नियमात खाऊ घालण्याची जागा खेळायची जागा, जिने आणि येण्याजाण्याच्या वाटा टाळून ठरवायला सांगितलं आहे, तो कमिटीला वाचून दाखवा. निळ्या पाण्याच्या बाटल्यांनी काहीही होत नाही. डांबरगोळ्या मात्र काढायला लावा, त्या विषारी आहेत. तसंच पाण्यात पांढरं होणारं फिनाईल: त्यातली द्रव्यं मांजराच्या यकृताला पचत नाहीत, आणि ओल्या फरशीवरून चालून ती पंजे चाटते.

पिल्लं येतात आणि मरतात

हे वेगळं लक्षण आहे, आणि पिल्लं आपोआप कमी झाली म्हणून सुटकेचा श्वास सोडू नका. उलट्या, जुलाब, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलेलं पिल्लू, दोन दिवसांत सगळी खलास: हा बहुधा पॅनल्युकोपेनिया, मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग. त्याचा विषाणू जागेत वर्षभर तग धरू शकतो. जागा आधी साबणाने घासा, मग एक भाग ब्लीच आणि ३२ भाग पाणी लावून दहा मिनिटं ठेवा, नंतर धुऊन टाका. त्या कोपऱ्यात लस न झालेलं पिल्लू ठेवू नका, आणि त्या पिल्लांना हाताळलेल्या कपड्यांनी घरच्या मांजराजवळ जाऊ नका. ताप आहे म्हणून कुणी पॅरासिटामॉल देऊ नये, एक गोळी मांजराचा जीव घेते.

आत्ता आमच्या वहीत ३१ नोंदी आहेत. एकोणतीस झालेल्या. एक बोका, तो भांडून दूर जातो आणि परत येतो. आणि गेल्या गुरुवारी पहाटे दिसलेली एक बारीक तिरंगी, दोन्ही कान पूर्ण, बर्फाच्या खोलीकडून आली होती. पिंजरा तारेने बांधून ठेवला आहे. काल तिने उंबऱ्यावरचा बोंबील खाल्ला. आज मावशी तो वीतभर आत ठेवणार आहेत.